मेलबर्न: मे महिन्यात सहा दिवस, पाच माणसं. खायचं कुठे, बघायचं काय?

रंकाळा_काठची

नमस्कार मंडळी. मे महिन्यात आम्ही पाच जण मेलबर्नला येतोय. नवऱ्याचं दोन दिवस ऑफिसचं काम आहे, बाकीचे आम्ही त्या निमित्ताने. सोमवारी सकाळी पोचतो, रविवारी निघतो. मुक्काम सदर्न क्रॉस स्टेशनजवळ.

सासूबाई पूर्ण शाकाहारी, केकमधलं अंडंही चालत नाही. सासऱ्यांना सगळं चालतं, संध्याकाळी एखादी बिअरसुद्धा, पण क्रिकेटचं मैदान दाखवल्याशिवाय परत न्यायचं नाही अशी तंबी आहे. लेक नऊ वर्षांचा, त्याला पेंग्विन हवेत. मला कुठल्याही गावात आधी बाजार बघायचा असतो.

नेटवरच्या याद्या वाचून डोकं भंजाळलंय. सगळीकडे तोच ग्रेट ओशन रोड आणि तीच रंगवलेली होजिअर लेन. तिथे राहणाऱ्यांनी सांगा ना, खरंच जावं असं काय आणि सोडलं तरी चालेल असं काय? गाडी भाड्याने घ्यायची की नाही यावरून घरात दोन तट पडलेत.

ट्रामवाला_तात्या

शहरात गाडी अजिबात नको. पार्किंगचे पैसे जेवणाच्या बिलाशी स्पर्धा करतात. शिवाय इथल्या काही चौकांत उजवीकडे वळायचं तर आधी अगदी डाव्या कडेला जाऊन थांबावं लागतं, ट्रामची वाट अडू नये म्हणून. नवख्या माणसाला घाम फुटतो.

मध्य शहरात ट्राम फुकट आहे, २०१५ पासून. तुमचं सदर्न क्रॉस त्या हद्दीतच येतं. हद्दीतच चढणार आणि हद्दीतच उतरणार असाल तर मायकी कार्ड (इथलं प्रवासाचं कार्ड) यंत्राला लावूच नका, लावलं की पैसे कापले जातात. नदी ओलांडून दक्षिणेला निघालात की फुकटचा कारभार संपतो, तिथे मात्र लावायचं.

आता मुद्द्याचं. या शहरात 'हे एक बघितलं की झालं' असं काही नाही. सिडनीला ऑपेरा हाउस आहे, इथे तसला प्रकार नाही. इथली मजा उपनगरांत आहे आणि उपनगरं ट्रामच्या रुळांवर ओवलेली आहेत. म्हणून ठिकाणांची यादी करण्यापेक्षा ट्रामच्या नंबरांची करा. एक दिवस ९६, एक दिवस १९. जाताना खिडकीतून बघून ठेवायचं, येताना उतरायचं.

९६ नंबर म्हणजे एका तिकिटात अख्खं शहर. निकल्सन स्ट्रीटला कार्लटन गार्डन्सपाशी उतरा. तिथे १८८० सालचं रॉयल एक्झिबिशन बिल्डिंग आहे, २००४ पासून जागतिक वारसा यादीत. मागेच मेलबर्न म्युझियम. लेकाला फार लॅप नावाचा घोडा दाखवा. रेसचा घोडा होता, त्याचं कातडं भरून इथे उभं केलंय, हृदय कॅनबेराला ठेवलंय आणि सांगाडा न्यूझीलंडला. एका घोड्याची तीन स्मारकं! मेमध्ये बागेतल्या एल्मची पानं पिवळी पडलेली असतील, ते बघायला पैसे पडत नाहीत.

मग तीच ट्राम उलटी पकडून बर्क स्ट्रीटवरून साउथ मेलबर्न. स्टॉपला लागूनच बाजार आहे, १८६७ सालचा. बुधवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. आणि शेवटी सेंट किल्डाचा समुद्रकिनारा. लूना पार्कचं ते मोठं तोंड, १९१२ पासून तसंच आ वासून आहे. शाळांना सुट्टी नसेल तर ते फक्त शनिवार-रविवारी उघडं असतं, त्यामुळे ९६चा दिवस शनिवारीच ठेवा.

शंकेखोर

तात्या, मे महिन्यात सेंट किल्डाचा समुद्र? वारा कान कापून नेतो.

ट्रामवाला_तात्या

पोहायला पाठवत नाहीये. अ‍ॅकलंड स्ट्रीटवर केकच्या दुकानांच्या काचा बघत फिरायला पाठवतोय. मोनार्क १९३४ पासून आहे. सासूबाईंना तिथे फक्त काच बघता येईल, हे मान्य.

खाऊगल्ली

वाखुसा (वाचनखूण साठवली). आता मी लिहिते, कारण तात्या खाण्याच्या बाबतीत केकच्या पुढे जात नाहीत.

ताई, सासूबाईंच्या अंड्याची काळजी करताय म्हणून आधी ते. इथे 'व्हेजिटेरियन' म्हटलं की अंडं आणि दूध दोन्ही धरलेलं असतं. तुम्ही 'व्हीगन' हा शब्द वापरा. दूध गेलं तरी चालेल, अंडं नक्की जातं. इटालियन ठिकाणी ताज्या पास्त्यात बहुधा अंडं असतं, कोरड्या पास्त्यात सहसा नसतं, तरी विचारायचं. जिलाटो म्हणजे इटालियन आइस्क्रीम, त्याऐवजी सॉर्बे घ्यायचं, ते फळांचं आणि बिनदुधाचं असतं. व्हिएतनामी जेवणात भाज्यांवरही माशाचा सॉस असतो, म्हणून पाटीवर 'चाय' लिहिलंय का बघा. त्यांच्याकडे त्याचा अर्थ शाकाहारी, बौद्ध लोकांमुळे. चहा समजून आत शिरू नका. :)

पहिल्या दिवशी, प्रवासाने दमलेले असताना, दुपारी स्वॉन्स्टन स्ट्रीटवर क्रॉसवेजला जा. हरे कृष्णवाल्यांचं आहे. जिना चढून वर जायचं, ताट घ्यायचं, भात-भाजी-आमटी, बरोबर गोड. स्वस्त आणि पोटभर. कांदा-लसूण नाही, अंड्याचा प्रश्नच नाही. आजूबाजूला कॉलेजची पोरं, ऑफिसचे लोक, कोणीही. तिथून पुढे स्टेट लायब्ररी चालत. घुमटाखालची अष्टकोनी वाचनाची खोली १९१३ सालची आहे, वरच्या मजल्यांवरून खाली बघायची. नेड केली या दरोडेखोराचं लोखंडी चिलखतही तिथेच आहे. लेक खूष. प्रवेश फुकट.

दुसरा दिवस १९ नंबरच्या ट्रामचा. हीच ट्राम व्हिक्टोरिया मार्केटवरून जाते, पण बाजाराबद्दल वेगळं लिहीन, आता पुढे ब्रन्सविकला चला. सिडनी रोड. लग्नाच्या झग्यांची दुकानं, मध्येच तुर्की, लेबनीज, जुन्या सामानाची दुकानं. ए-वन बेकरी नावाची लेबनीज बेकरी आहे. झाअतर लावलेला मानूश घ्या. भट्टीतून गरम पोळी येते, वर सुका मसाला, तीळ आणि ऑलिव्हचं तेल. पालकाचे त्रिकोण, चीजची पोळी. पाच माणसांचं जेवण, आणि शहरातल्या कॅफेत दोघांचं जेवढं बिल होतं तेवढ्यातही कदाचित भागेल. बसायला साधी टेबलं. ऑलिव्ह आणि हलवा बांधून घ्या.

माझं खरं प्रेम म्हणजे फुट्सक्रे हे उपनगर. ट्रेनने दहा-बारा मिनिटं. व्हिएतनामी बान्ह मीसाठी, म्हणजे भरलेल्या पावासाठी, लोक रांगा लावतात. सासरे आणि नवऱ्याला न्हू लान बेकरीत पाठवा. पण सासूबाईंना घेऊन इथिओपियन ठिकाणी बसा. इथिओपियन ख्रिश्चन लोक बुधवारी आणि शुक्रवारी उपवास करतात, त्या उपवासाला मांस-अंडी-दूध काही चालत नाही. म्हणून त्यांच्याकडे बिनतक्रार शाकाहारी थाळी मिळते, तिला बायनेतू म्हणतात. मोठ्या ताटात इंजेरा पसरलेला, म्हणजे जाळी पडलेली आंबूस आंबोळीच, तिच्यावर मसूर, हरभऱ्याच्या पिठाचं शिरो, कोबी-बटाटा, पालेभाजी. सगळ्यांनी एकाच ताटातून हाताने खायचं. मी माझ्या आईला नेलं होतं. ती आधी 'सगळ्यांचं उष्टं' म्हणून बिचकली, मग शिरोत मिरची कुठली घालतात ते विचारायला आत गेली.

निवांत

खाऊगल्ली, मस्त. कॉफीबद्दल मी लिहितो, कारण हे लोक कॉफीबद्दल जितके गंभीर आहेत तितके संसदेबद्दल नाहीत.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटालियन माणसं मोठ्या संख्येने इथे आली, त्यांच्याबरोबर एस्प्रेसोची यंत्रं रुळली. बर्क स्ट्रीटचं पेलेग्रिनीज १९५४ पासून आहे. काउंटरला उंच स्टुलांवर बसायचं, फार चौकशा करायच्या नाहीत. शक्यतो एकदा तिथे जाच. पुढची पिढी डिग्रेव्ह्ज स्ट्रीट आणि सेंटर प्लेसच्या गल्ल्यांत आहे. त्या गल्ल्या अरुंद, टेबलं रस्त्यातच, गर्दीत खांद्याला खांदा. जवळच रॉयल आर्केड, १८७० सालचं, आणि ब्लॉक आर्केड, तिथली फरशी खाली मान घालून बघण्यासारखी आहे.

काय मागायचं? फ्लॅट व्हाइट म्हणजे फेस कमी, दूध मऊ. लाँग ब्लॅक म्हणजे बिनदुधाची. आणि खास इथलीच एक आहे, 'मॅजिक'. छोट्या कपात दोन रिस्ट्रेटो, म्हणजे दाट एस्प्रेसो, आणि कप पाऊण भरेल एवढं दूध. बऱ्याचदा मेनूवर नसते, पण मागितली की देतात. लेकाला बेबीचिनो मागवा, नुसत्या दुधाचा फेस असतो. चाय लाटे मात्र आपला चहा समजून मागवू नका, बहुतेक ठिकाणी ते गोड सरबताचं दूध असतं. चहा हवाच असेल तर खोलीवर किटली असेल, पावडर घरून आणा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कॅफेचं स्वयंपाकघर दुपारी अडीच-तीनला बंद होतं. साडेतीनला भूक लागली तर हातात मफिन येतो. आपल्याकडे चार वाजता जसं कुठेही काहीतरी गरम मिळतं तसं इथे नाही. एक वाजायच्या आत जेवा, संध्याकाळी साडेसहाला पुन्हा बसा. नऊनंतर चायनाटाउन किंवा लॉन्सडेल स्ट्रीटचं ग्रीक स्टॅलॅक्टाइट्स, असे मोजके पर्याय उरतात.

रविवारी आणि सरकारी सुट्टीच्या दिवशी बिलात दहा-पंधरा टक्के जास्त लावणारी ठिकाणं आहेत, दारावर किंवा मेनूवर लिहिलेलं असतं. टिप द्यायची सक्ती नाही. नळाचं पाणी उत्तम आहे, दारूचा परवाना असलेल्या जागी ते फुकट मिळतं. बाटलीचं पाणी आणलं तर परत पाठवा.

शंकेखोर

इतक्या लांब येऊन क्रॉसवेजला आमटी-भात? मग कोल्हापूर काय वाईट होतं?

खाऊगल्ली

शंकेखोर, तुम्ही सत्तरीच्या बाईला सहा दिवस सँडविचवर ठेवून बघा आणि मग धागा काढा.

लेगब्रेक

सासऱ्यांचं खातं माझ्याकडे द्या.

एमसीजीला, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडला, ट्रामही नको. फेडरेशन स्क्वेअरवरून बिरारुंग मार या नदीकाठच्या बागेतून चालत जा, विल्यम बॅरॅक पुलावरून थेट मैदानासमोर उतरता. मैदान १८५३ सालचं, आज एक लाखावर माणसं बसतात. सामना नसलेल्या दिवशी आत फिरवून आणतात, बहुतेक जुने सभासद स्वयंसेवक म्हणून बरोबर असतात. सासऱ्यांना त्यांच्याशी गप्पा मारू द्या, घाई करू नका.

मानफलकावर आपल्या माणसाचं नाव दोनदा आहे. अजिंक्य रहाणे, २०१४ साली १४७ आणि २०२० साली ११२. दुसरं शतक तर अ‍ॅडलेडला ३६ धावांत गुंडाळल्यानंतरच्याच सामन्यात, कोहली घरी परतलेला, कप्तानी याच्याकडे. आठ विकेटनी जिंकलो. त्या सामन्यापासून सामनावीराला जॉनी मुलाघच्या नावाचं पदक देतात, १८६८ साली इंग्लंडला गेलेल्या आदिवासी संघातला तो खेळाडू. पहिलं पदक रहाणेच्याच गळ्यात पडलं. तेंडुलकरचे १९९९चे ११६ इथलेच. आणि १९८१ साली गावसकर चौहानला घेऊन मैदान सोडायला निघाले होते, तेही इथेच. त्याच कसोटीत ऑस्ट्रेलियाला १४३ हव्या होत्या आणि कपिलने त्यांना ८३ वर उडवलं. सासऱ्यांना हे सगळं माहीत असेलच. त्यांनी सांगावं आणि नातवाने ऐकावं, मैदानातच.

मे महिन्यात क्रिकेट नाही, पण फुटी असते. ऑस्ट्रेलियन फुटबॉल. शुक्रवारी रात्री एमसीजीला सामना आहे का बघा आणि वरच्या मजल्याची साधी तिकिटं काढा. नियम समजले नाहीत तरी बिघडत नाही, ओरडायला समजतं. दोन्ही संघांचे लोक शेजारी शेजारी बसतात. गरम कपडे मात्र घाला, आणि हातात मीट पाय, म्हणजे मांस भरलेली पेस्ट्री. सासूबाईंसाठी डबा.

बिअरचं: पबमध्ये 'पॉट' मागा, २८५ मिली. एका माणसाला पुरते. पाइंट मागितली तर ५७० येते. पबच्या जेवणघरात आईवडिलांबरोबर मुलं चालतात. तिथे चिकन पार्मा, म्हणजे तळलेल्या चिकनवर टोमॅटो सॉस आणि चीज, हा राष्ट्रीय पदार्थ आहे. काही छोट्या हॉटेलांत स्वतःची वाइनची बाटली नेता येते, बाटली उघडायचे थोडे पैसे घेतात. दारावर बीवायओ लिहिलेलं असतं.

रंकाळा_काठची

बापरे, किती छान लिहिताय सगळे! सासऱ्यांना लेगब्रेक यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते म्हणाले, चौहान रागाने नव्हे तर सीमारेषेपर्यंत ओढत नेल्यासारखा गेला होता, हे लिहा. लिहिलं.

कच्चा आराखडा: सोमवार आराम, क्रॉसवेज, लायब्ररी. मंगळवार १९ नंबर. बुधवार व्हिक्टोरिया मार्केट. गुरुवार ग्रेट ओशन रोड, एका दिवसात जाऊन येऊन. शुक्रवार पेंग्विन. शनिवार ९६. एमसीजी कुठे कोंबू?

यारातीरी

बुधवारी व्हिक्टोरिया मार्केट बंद असतं! सोमवारीही. मंगळवारीच करा. १९ नंबर वाटेतच आहे, सकाळी बाजार आणि दुपारी ब्रन्सविक एकाच दिवशी बसतं. दुपारी तीनच्या सुमारास आवराआवर सुरू होते, तेव्हा सकाळीच.

तुम्ही बाजारवेड्या आहात म्हणून जरा सविस्तर. बाजार १८७८चा. काही भाग जुन्या दफनभूमीवर उभा आहे आणि काही हजार माणसं अजून खालीच आहेत. सासूबाईंना हे बाहेर आल्यावर सांगा. लांबच लांब उघड्या शेड, एका बाजूला भाजी-फळं. मेमध्ये सफरचंदं, नासपती, पर्सिमन, चेस्टनट. विकणारे अजून आरोळ्या ठोकतात, तुम्हाला घरच्यासारखं वाटेल. आतल्या दालनात चीज, लोणी, ऑलिव्ह, पाव. तिथेच बोरेक म्हणजे सारण भरलेली तुर्की पेस्ट्री विकणारे, पालक-चीजचा किंवा बटाट्याचा घ्या, हातात धरून उभ्याने खायचा. मांस-मासळीचं दालन वेगळं आहे, सासूबाईंना त्या दाराने नेऊ नका. आणि गरम जॅम डोनटची गाडी, १९५० पासूनची. चावल्यावर आतला जॅम जीभ भाजतो, लेकाला आधी फुंकर मारायला सांगा. सासूबाईंसाठी अंड्याचं विचारून घ्या.

ट्रामवाला_तात्या

गुरुवारचा ग्रेट ओशन रोड खोडून टाका. मेमध्ये सव्वापाचच्या आसपास सूर्य मावळतो. ट्वेल्व्ह अपॉसल्स, म्हणजे समुद्रातले ते खडकांचे खांब, किनाऱ्याच्या रस्त्याने पावणेतीनशे किलोमीटर. जाऊन-येऊन अकरा-बारा तास गाडीत, येताना अंधार, अंधारात रस्त्यावर कांगारू. सत्तरीची दोन माणसं आणि एक पोरगं मागच्या सीटवर.

निवांत

तात्यांशी असहमत. रस्ता स्वतःच बघण्यासारखा आहे. पहिल्या महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात खणून काढलाय, आणि वाटेत समुद्र पायाखाली. पण एका दिवसात अपॉसल्सपर्यंत नको, हे मान्य. लॉर्नपर्यंत जा, जेवा, परत या. खांब नाही दिसले तर नाही दिसले. नावाला बारा म्हणतात, प्रत्यक्षात कमीच आहेत आणि २००५ साली त्यातला एक डोळ्यांदेखत कोसळला.

यारातीरी

मी तर म्हणेन, लांबचा दिवस एकच ठेवा आणि तो पेंग्विनला द्या. फिलिप आयलंड साधारण दोन तास. पेंग्विन अंधार पडताना समुद्रातून वर येतात. डिसेंबरमध्ये त्यासाठी रात्री नऊपर्यंत कुडकुडत बसावं लागतं, मेमध्ये साडेपाच-सहाला काम होतं आणि मुलं परतीच्या गाडीत झोपतात. सहलीच्या बसने जा. तिकीट आधी काढा. फोटो काढायला बंदी आहे, फोन आतच ठेवायचा. दिवे आणि फ्लॅशने पक्षी बिचकतात. फूटभर उंचीचे जीव, घोळक्याने येतात, मध्येच थबकतात, परत पाण्यात पळतात. पायऱ्यांवर बसायचं असतं, घोंगडी न्या.

बुधवार डँडेनाँगच्या डोंगरांना द्या. फ्लिंडर्स स्ट्रीटवरून बेलग्रेव्हची ट्रेन, तासाभरापेक्षा थोडं जास्त. तिथून पफिंग बिली, १९०० सालच्या अरुंद रुळांवरची वाफेची गाडी. झाडं प्रचंड उंच, खाली झाडासारख्या वाढणाऱ्या नेच्यांचं (फर्न) रान. ससाफ्रास गावात चहा आणि स्कोन.

कांगारूंसाठी मुद्दाम दिवस घालवू नका. फिलिप आयलंडला जाणाऱ्या बऱ्याच बस वाटेत एखाद्या प्राण्यांच्या बागेत थांबतात, तिथे हातातून चारा घालता येतो.

लेगब्रेक

मग एमसीजी गुरुवारी सकाळी. दुपारी नदीपलीकडे एनजीव्ही, म्हणजे नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरिया हे कलासंग्रहालय, कायमचा संग्रह फुकट. दारातच पाण्याची भिंत आहे, पोरं हात लावतातच. मोठ्या दालनाचं छत रंगीत काचांचं आहे, लोक सरळ जमिनीवर आडवे होऊन बघतात. दमलेल्या सासऱ्यांना तेवढीच विश्रांती.

रंकाळा_काठची

ठरलं. गुरुवार एमसीजी, शुक्रवार पेंग्विन, म्हणजे शुक्रवार रात्रीची फुटी गेली. :( शनिवारी दुपारचा सामना असेल तर ९६ अर्धवट सोडू.

दोन प्रश्न उरले. सासूबाईंना एखादं देऊळ बघायचंय. आणि बेसनाचे लाडू, चिवडा, लोणचं आणलं तर विमानतळावर काढून घेतात का?

खाऊगल्ली

देऊळ: कॅरम डाउन्सचं शिव-विष्णू मंदिर. मोठं आहे, दाक्षिणात्य धाटणीचं, शनिवार-रविवारी कॅन्टीनमध्ये डोसा-इडली मिळते. पण शहरापासून चाळीसेक किलोमीटर, बिनगाडीचं अवघड. विमान रविवारी रात्री असेल तरच सकाळी टॅक्सी करून जा.

खाऊ: विमानात जो कागद भरायला लागतो त्यात खाण्याच्या प्रश्नापुढे 'हो' लिहा, कितीही किरकोळ असलं तरी. बॅगेतलं खाणं सगळं एकाच पिशवीत वर ठेवा, अधिकाऱ्याने विचारलं की उघडून दाखवायचं. चिवडा-लोणचं बहुतेक वेळा बघून सोडतात. दुधाचे पेढे-बर्फी आणूच नका, बिया, ताजी फळं आणि कढीपत्त्याची ताजी पानंही नकोत. काढून घेतलं तर लाडू जातात, लपवलं तर दंड होतो. साजूक तुपाचे असतील तर तेही विचारल्यावर सांगायचं.

शंकेखोर

लाडू सुटले तर तात्यांच्या ट्रामपर्यंत पोचवा. ९६ नंबर, शनिवार सकाळ. मीही येतो.